परवान्याआधीची परीक्षा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे मराठीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. कालांतराने या म्हणीचा परीघ वाढला आणि कोर्टाच्या जागी हरएक सरकारी कचेरी येऊन बसली. वाहन चालविण्याचा परवाना काढायची वेळ आली, की सुशिक्षित, पगारदार आणि एरवी हिशेबाला पक्का असलेला माणूसही प्रथम विचारतो तो प्रश्न 'कोणी ओळखीचे आहे का?' असा असतो. कोणते कागद लागतात, हा प्रश्न नंतर येतो आणि पुष्कळदा येतच नाही. कारण तोवर कागदांचे बाड कोणा मध्यस्थाच्या हाती सोपवून झालेले असते.

या सवयीचा विचार व्हायला हवा. परवान्याची परीक्षा मैदानावर गाडी मागेपुढे घेतल्यावर होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ती परीक्षा अर्ज भरण्याच्या टेबलापाशीच सुरू झालेली असते. अर्जदार कोण, त्याचे वय काय, तो राहतो कोठे आणि त्याचे शरीर गाडी चालविण्यास समर्थ आहे काय, या चार प्रश्नांची खरी उत्तरे कायदा तेथे मागतो. ही उत्तरे ज्याची त्यानेच दिली पाहिजेत, आणि ती देता येतील अशी सोय कचेरीने केली पाहिजे. या दोन्ही गोष्टी आज अर्ध्यामुर्ध्याच होतात.

पत्त्याचा घोळ

कोलकात्याच्या दक्षिण भागातील बालीगंज ही या प्रश्नाकडे पाहण्यास सोयीची जागा आहे. राष्ट्रीयीकृत बँका, विमा कंपन्या आणि केंद्र सरकारची खाती यांतून बदलीवर आलेली कित्येक मराठी कुटुंबे कोलकात्यात येतात आणि बालीगंज, गडियाहाट, हाजरा रोड या परिसरात भाड्याने बिऱ्हाड करतात. परवान्यासाठी या भागातील लोक ज्या कचेरीचे नाव प्रथम घेतात, ती सार्वजनिक वाहन विभागाची कचेरी बेलतला रोडवर, म्हणजे जवळच आहे. पण अंतर थोडे असले, तरी कागद तेवढ्या सहज तेथवर पोहोचत नाहीत.

पहिली अडचण पत्त्याचीच. 'बालीगंज सर्क्युलर रोड' हे नाव लोकांच्या तोंडी आहे. त्याचे अधिकृत नाव चित्रपट दिग्दर्शक प्रमथेश बरुआ यांच्या स्मरणार्थ 'प्रमथेश बरुआ सरणी' असे आहे. जुना लॅन्सडाऊन रोड आता शरत बोस रोड झाला आहे. शहराचे इंग्रजी नावही २००१ च्या आरंभी 'कॅलकटा'चे 'कोलकाता' झाले. परिणामी घरमालकाच्या जुन्या दस्तात एक नाव, विजेच्या बिलावर दुसरे आणि भाडेकरारात तिसरे, असे सर्रास आढळते. घर एकच असते, पण कागदावर ती तीन घरे होतात. मेज सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला तिन्ही नावे माहीत असतात. संगणकाला मात्र अक्षरे जुळलेली हवी असतात.

बदलीवर आलेल्यांपैकी अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३ नुसार भारतात दिलेला परवाना संपूर्ण देशात चालतो. पुण्यात वा नागपुरात परवाना काढलेल्या अधिकाऱ्याला कोलकात्यात नव्याने परीक्षा देण्याचे कारण नाही. पत्ता बदलला असेल तर त्याची नोंद तेवढी करून घ्यावी. खरा प्रश्न असतो तो घरातील इतरांचा. नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेली मुलगी, किंवा महाराष्ट्रात कधी गरज पडली नाही म्हणून परवाना न काढलेली गृहिणी, यांना बालीगंजातूनच अर्ज करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अर्जदार ज्या राज्यात सामान्यतः राहतो वा व्यवसाय करतो, त्या राज्यातील कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. पण तेथे 'राहतो' हे दाखवायला कागद हवाच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील चौथा नियम वय आणि पत्ता यांसाठी कोणते पुरावे चालतात, ते सांगतो. मतदार यादीतील नोंद, आयुर्विमा पॉलिसी, पारपत्र, सरकारी वा स्थानिक संस्थेच्या कचेरीची वेतनचिठ्ठी, शाळेचा दाखला, जन्माचा दाखला ही त्यांतील नित्याची नावे. पुढे आधारपत्राची भर पडली. यांपैकी काहीही देता आले नाही आणि त्यास सबळ कारण असेल, तर शपथपत्र स्वीकारण्याची मुभाही त्याच नियमात आहे. ही तरतूद ज्याने वाचली आहे, तो खिडकीवरून परत फिरत नाही. ज्याने वाचली नाही, त्याला बाहेरच्या टपरीवर उभा असलेला माणूस 'करून देतो' म्हणतो.

आज संगणकीय अर्जाची सोय आहे आणि मार्च २०२१ पासून शिकाऊ परवान्यासह अनेक सेवा आधार-प्रमाणीकरणाद्वारे घरबसल्या देण्याची केंद्राची तरतूद आहे. तथापि आधारातील पत्ता अद्याप सोलापूरचाच असेल, तर ही सोय बालीगंजातील अर्जदाराच्या फारशी उपयोगी नाही. म्हणून बदलीचे सामान लागल्यावर पहिल्या महिन्यातच आधारातील पत्ता बदलणे, हे परवान्याच्या तयारीतील पहिले पाऊल ठरते.

नावाची उलटतपासणी

दुसरी अडचण नावाची आणि ती मराठी माणसाच्या बाबतीत विशेष आहे. मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. बंगालमध्ये मधल्या पदात वडिलांचे नाव घालण्याची अशी रीत नाही. त्यामुळे एका कागदावर तिन्ही पदे, दुसऱ्यावर दोनच, तर तिसऱ्यावर मधल्या नावाचे केवळ आद्याक्षर, असा प्रकार होतो. त्यात लिपीची भर पडते. बंगाली लेखनात 'व' आणि 'ब' यांना एकच अक्षर आहे आणि आरंभीच्या 'य'चा उच्चार 'ज'कडे झुकतो. तेव्हा सांगून लिहविलेला 'वसंत' कागदावर 'बसंत' होतो आणि 'योगेश'चा 'जोगेश' होतो. यात कोणाचा दुष्टावा नसतो, कानाला जे ऐकू येते तेच हात लिहितो. ज्ञानेश्वराचे रोमन लिपीतील स्पेलिंग महाराष्ट्रात ज्या अक्षरांनी सुरू होते, त्या अक्षरांनी ते अन्य प्रांतांत सहसा सुरू होत नाही. म्हणून नाव तोंडी सांगू नये. छापील अक्षरांत लिहून द्यावे आणि पावती हाती पडताच अक्षर न्‌ अक्षर तपासावे.

विवाहित स्त्रियांचा प्रश्न याहून नाजूक आहे. शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे, पारपत्र सासरच्या नावाचे आणि बँकेतील खाते या दोहोंच्या मिश्रणाचे, अशी स्थिती असंख्य घरांत आहे. कागदोपत्री या दोन स्त्रिया एकच आहेत, हे सिद्ध करणारा दुवा म्हणजे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर परवान्याच्या निमित्ताने ते करून घ्यावे. पुढे वारसा, विमा आणि निवृत्तिवेतन यांच्या वेळी त्याचाच उपयोग होतो.

जन्मतारखेबाबत तर महाराष्ट्राला एक जुना इतिहास आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने लिहिलेली '१ जून' ही तारीख मागच्या पिढीतील असंख्य लोकांच्या दाखल्यावर आहे. घरच्या कुंडलीत एक तारीख आणि दाखल्यावर दुसरी, हे घरापुरते खपून जाते. दोन सरकारी कागदांवर दोन तारखा असणे मात्र खपत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमातील २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी, परवान्यासह अनेक कामांत, जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरविण्यात आला आहे. पुढील पिढीची यातून सुटका होईल. आजच्या अर्जदाराने मात्र आपल्या सर्व कागदांवरील नाव, तारीख आणि पत्ता एका कोऱ्या कागदावर ओळीने मांडून पाहावा. विसंगती कचेरीच्या आधी आपल्याच नजरेस पडली, तर अर्धे काम झाले असे समजावे.

सर्वांत दुर्लक्षित कागद

हे सारे कागद इतरांनी दिलेले असतात. एक कागद मात्र अर्जदार स्वतःच्या सहीने स्वतःविषयी देतो आणि नेमका तोच सर्वांत कमी वाचला जातो. तो म्हणजे नमुना क्रमांक १, शारीरिक क्षमतेचे स्वयंघोषणापत्र. त्यातील प्रश्न साधे आहेत. फेफरे, अकस्मात शुद्ध हरपणे वा भोवळ येणे, असा काही विकार आहे काय? चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरील मोटारीची क्रमांकपट्टी वाचता येते काय? रातांधळेपणा आहे काय? हाताची वा पायाची हानी झालेली आहे काय? वाहन चालविताना इतरांस धोका होईल असा अन्य कोणता आजार आहे काय?

बहुतेक अर्जांत ही उत्तरे कोणी तरी ओळीने भरून ठेवतो आणि अर्जदार खाली सही करतो. बँकेतील कर्जाच्या दस्तावर न वाचता सही करू नये, हे आता ग्राहकांना पटले आहे. त्या दस्तातील चुकीने पैसा जातो. या घोषणापत्रातील चुकीने माणूस जातो. वयाची चाळिशी ओलांडलेल्यांसाठी आणि परिवहन वाहनांच्या चालकांसाठी नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. तेही डॉक्टरांनी डोळे तपासून दिलेले असावे, केवळ शिक्का मारून दिलेले नसावे. खरे सांगितले तर परवाना नाकारला जाईल, ही भीती दर वेळी रास्त असते असेही नाही. रंगांधळेपणाचेच पाहा. जून २०२० मध्ये नियम बदलून सौम्य आणि मध्यम स्वरूपाचा रंगांधळेपणा असलेल्यांनाही परवान्याची वाट मोकळी करण्यात आली. लपविण्याची गरज नाही, तेथेही लपविण्याची सवय शिल्लक राहिली आहे.

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने केली आहे. या मृत्यूंची कारणे अनेक आहेत आणि त्यांचा सगळा भार परवान्याच्या कागदावर टाकता येणार नाही. पण ज्या देशात इतकी माणसे रस्त्यावर मरतात, तेथे चालकाच्या क्षमतेविषयीचा एकमेव लेखी जबाब न वाचता सही होतो, ही लहान गोष्ट नव्हे.

मध्यस्थाची किंमत

यावर व्यवहारी माणसाचे उत्तर ठरलेले असते. नोकरदाराला दोन-तीन दिवसांची रजा मिळत नाही, परप्रांतात भाषा अडते. मग चार पैसे जास्त देऊन काम करून घेतले तर बिघडले कोठे? हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. मान्यताप्राप्त मोटार प्रशिक्षण शाळा शिकविते, अर्ज भरण्यास मदत करते आणि त्याचे उघड शुल्क घेते. त्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो परीक्षाच टाळून देणाऱ्याचा.

या प्रश्नाचा एक गाजलेला अभ्यास दिल्लीत झाला. मारियान बर्ट्रांड, सिमियन जांकोव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लईनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी ८२२ अर्जदारांचा मागोवा घेतला आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही अर्जदारांना लवकर परवाना मिळविल्यास बक्षीस देऊ केले होते, काहींना मोफत प्रशिक्षण, तर काहींना काहीच नाही. परवाना मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी चाचणी दिलीच नव्हती, आणि संशोधकांनी स्वतंत्रपणे घेतलेल्या चाचणीत सुमारे ६२ टक्के परवानाधारक गाडी चालविण्यास अपात्र ठरले. नियमबाह्य पैसा गेला तो थेट अधिकाऱ्याच्या हाती गेला नव्हता, मध्यस्थांमार्फत गेला होता. तो अभ्यास एका शहराचा आणि एका काळाचा आहे. संगणकीय अर्ज आणि स्वयंचलित चाचणीमार्ग आल्यानंतर बरेच काही बदलले आहे. तरी त्याचा मुख्य धडा शिळा झालेला नाही. मध्यस्थ वेळ विकतो असे वाटते. प्रत्यक्षात तो परीक्षेतून सुटका विकत असतो.

आता पैशाचाच हिशेब मांडायचा तर तोही पाहावा. २०१६ च्या अखेरीस सुधारलेल्या केंद्रीय नियमांनुसार शिकाऊ परवान्याचे मूळ शुल्क दीडशे रुपये, वाहन चालविण्याच्या चाचणीचे तीनशे आणि परवान्याचे दोनशे रुपये आहे. राज्यांचे आकार त्यावर वेगळे. एवढ्या रकमेसाठी किती मोठा धोका पत्करला जातो, हे विम्याच्या संदर्भात कळते. बनावट परवान्याचे रीतसर नूतनीकरण झाले तरी तो खरा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कमला प्रकरणात २००१ मध्ये स्पष्ट केले. पुढे जानेवारी २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात न्यायालयाने अपघातग्रस्त तिऱ्हाइताचे हित जपले. केवळ परवाना बनावट वा अवैध होता, एवढ्यावरून विमा कंपनीला त्याची भरपाई नाकारता येत नाही. मात्र वाहनमालकाने अटींचा भंग केल्याचे सिद्ध झाल्यास, दिलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते. म्हणजे कर्ज काढून घेतलेल्या मोटारीचा हप्ता चालू असतानाच, लाखो रुपयांच्या भरपाईचा बोजा कुटुंबावर येऊन पडू शकतो. घराच्या अर्थकारणाचा इतका बारीक विचार करणाऱ्या मध्यमवर्गाने परवान्याच्या कागदांकडे कानाडोळा करावा, हे अनाकलनीय आहे.

वेळेचे गणित

कागद जुळले, की पुढचा भाग सोपा आहे. मात्र त्याला तारखांचे भान लागते. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो हाती पडल्यावर किमान ३० दिवस गेल्याशिवाय चाचणी देता येत नाही. या अवधीत गाडीला पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' अक्षर लावणे आणि शेजारी परवानाधारक व्यक्ती असणे बंधनकारक आहे. चाचणीच्या दिवशी मूळ शिकाऊ परवाना, अर्जाची व शुल्काची पावती, वय-पत्त्याचे मूळ कागद आणि ज्या वर्गाचा परवाना हवा त्याच वर्गाचे वाहन न्यावे लागते. त्या वाहनाचे नोंदणीपत्र, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र चालू मुदतीचे हवे. अर्जदार उत्तम तयार असतो आणि शेजाऱ्याकडून आणलेल्या गाडीचा विमा आठवड्यापूर्वी संपलेला असतो, अशा कारणाने दिवस वाया जाणे अगदी टाळण्याजोगे आहे. चाचणीत अपयश आले तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा अपयश आल्यास मात्र ६० दिवस थांबावे लागते. अपयशाची ही वाट कायद्यानेच मोकळी ठेवली असताना, त्यापासून पळण्यासाठी पैसे मोजणे शहाणपणाचे नाही.

कचेरीचे आणि बँकेचे कर्तव्य

सारी जबाबदारी अर्जदारावर टाकून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. पश्चिम बंगालने २०१३ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्काचे कायदे केले. त्यांचा आशय असा, की ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा अधिकार आहे. त्याला अनुसरून प्रत्येक परवाना कचेरीने कागदपत्रांची यादी स्थानिक भाषेबरोबर हिंदी व इंग्रजीतही ठळकपणे लावावी. अर्ज परत केल्यास कोणता कागद कमी आहे, हे एकाच वेळी आणि लेखी कळवावे. एका खेपेस एक त्रुटी आणि दुसऱ्या खेपेस दुसरी दाखविली, की चांगल्या हेतूचा माणूसही तिसऱ्या खेपेस मध्यस्थ गाठतो.

बँकांकडेही या साखळीतील एक दुवा आहे. वाहन परवाना हा 'आपला ग्राहक ओळखा' प्रक्रियेतील अधिकृत दस्तऐवजांपैकी एक आहे आणि छायाचित्र व शिक्का असलेले पासबुक अनेक कचेऱ्यांत पत्त्याला आधार म्हणून पुढे केले जाते. म्हणजे एका मेजावर झालेली अक्षराची चूक दुसऱ्या मेजावर पुरावा बनून जाते. खाते उघडताना 'देशपांडे'तील एक अक्षर गाळणाऱ्या कर्मचाऱ्याला, त्यापायी बालीगंजातील एका मुलीला दोन दिवस हेलपाटे घालावे लागतील, याची कल्पना नसते. ती असायला हवी. बदलीवर जाणाऱ्या सहकाऱ्याचा पत्ता खात्यात तत्परतेने बदलून देणे, हेही त्याला केलेले मोठेच साहाय्य आहे. परप्रांतातील मराठी संस्थांनीही याकडे लक्ष द्यावे. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासासारख्या वास्तूत गणेशोत्सवाला जमणाऱ्या मंडळींत या वाटेने गेलेली अनेक कुटुंबे असतात. त्यांचा अनुभव नव्याने आलेल्यांच्या हाती एका पानाच्या टिपणाच्या रूपाने ठेवला, तर कित्येकांची वाट सोपी होईल.

परवाना म्हणजे समाजाने एका माणसावर टाकलेला विश्वास. गडियाहाटच्या चौकात रस्ता ओलांडणारी वृद्धा समोरून येणाऱ्या चालकाचे कागद तपासू शकत नाही. ते कोणी तरी आधीच तपासले आहेत आणि चालकाने ते खरेपणाने दिले आहेत, याच भरवशावर ती पाऊल पुढे टाकते. अर्जाच्या टेबलापाशी बसलेल्या माणसाने सही करण्यापूर्वी एवढे जरी मनात आणले, तरी त्या कागदाचे मोल त्याच्या लक्षात येईल.